रानोबाशी रोज भांडणारी साळू

“आणि ऐकूच येत नसेल, तर एवढं मोठं डोकं घेऊन बसलायस कशाला?” साळू म्हणाली.

“आजी, जरा हळू,” मुंगूसराव म्हणाले. “देव आहे तो.”

“मला माहितीये कोण आहे ते. साधा दगड असता तर मी माझी सकाळ वाया घालवली असती का?”

“पण देवाला अरे-तुरे?”

“मग काय अहो-जाहो करू? नवरा आहे का माझा?”

तर पोरांनो, एका जंगलात हे असं भांडण चाललं होतं. तुम्ही जरा उशिरा आलात. ते सकाळीच सुरू झालं होतं. खरं सांगायचं तर अकरा वर्षांपूर्वीच सुरू झालं होतं. पण घाबरू नका, तुमचं फारसं काही चुकलेलं नाही. मांडी घालून बसा. ज्याला मधे मधे शंका विचारायच्या असतील त्यानं घरी जावं.

साळू म्हणजे साळिंदर. अंगभर काळे-पांढरे काटे असलेली. म्हातारी होती. साळू दिवसा झोपते आणि रात्री हिंडते, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. आमची साळू पहाटे उठायची. पुस्तकवाल्यांना काय वाटायचं ते वाटू दे.

आणि रानोबा म्हणजे बेहड्याच्या झाडाखालचा एक दगड. कोणे एके काळी कुणीतरी त्याला शेंदूर फासला होता. त्यातला थोडा कपाळाच्या जागी अजून टिकून होता. तेवढ्यावर त्याचं देवपण चाललं होतं.

साळू रोज पहाटे उठून रानोबासमोर जायची आणि भांडायची.

कधी कारण साधं असायचं. माझे गुडघे का दुखतात. मुंग्यांना एवढी अक्कल का दिलीस आणि सशाला का दिली नाहीस. कधी कारण मोठं असायचं. टिटवीची चारही अंडी पुरात गेली, तेव्हा तू कुठं बघत होतास. रानोबा काही बोलायचा नाही. समोरचा काही बोलला नाही की भांडणाऱ्याला किती राग येतो, ते तुम्हाला तुमच्या आईला विचारून कळेल.

राग चढला की साळूचे काटे उभे राहायचे. सगळे एकदम, खसकन. मग ती अंग झाडायची, आणि पिकलेले दोन-चार काटे खाली पडायचे. ते ती उचलायची, रानोबाला म्हणायची, “उद्या बघते तुझ्याकडे,” आणि पाणवठ्यावरच्या खडकाकडे चालू लागायची.

कारण साळू चित्रं काढायची. त्याच काट्यांनी.

कुणाकडे शिकली? कुणाकडेच नाही. लहानपणी एकदा पाठ खाजली म्हणून तिनं गेरूच्या दरडीला पाठ घासली. तरी थांबेना, म्हणून खडकाला घासली. वळून बघितलं, तर खडकावर तांबडी रेघ उमटलेली. ती रेघ तिला आवडली. एवढंच तिचं शिक्षण. पुढचं सगळं तिनं रेघांकडूनच शिकून घेतलं. तांबड्याला गेरू, काळ्याला वणव्यानंतरचा कोळसा, पांढऱ्याला चुनखडी. आणि काटा मात्र ताजा लागायचा. वाळलेला काटा ठिसूळ होतो, मधेच मोडतो. एका काट्यात एक चित्र, मग टोक जातं.

आता हे नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर आहे.

भाद्रपदात सर्वपित्री अमावस्या येते. माणसं त्या दिवशी गेलेल्यांची आठवण करतात, कावळ्याला घास ठेवतात. जंगलात ही सोय नाही. तिथं कावळ्याचेच आईबाप गेलेले असतात. त्यानं कुणाकुणाच्या घासाला शिवायचं? म्हणून त्या जंगलात दुसरी रीत होती. वर्षभरात जे गेले, त्यांची चित्रं साळू पाणवठ्यावरच्या खडकावर काढायची. अमावस्येच्या सकाळी सगळे यायचे. आपापलं माणूस शोधायचे. थोडा वेळ बघायचे, पाणी प्यायचे, घरी जायचे. वाघही यायचा आणि मागे उभा राहायचा. त्या दिवशी दुपारपर्यंत कुणी कुणाला खात नसे. पुढे वर्षभरात रानडुकरं खडकाला पाठ घासून चित्रं पुसून टाकायची. मग नवी अमावस्या, नवी चित्रं.

त्या वर्षी नऊ जण गेले होते. त्यातलं एक भेकरीचं पाडस होतं. दीड महिन्याचं. बिबट्यानं नेलं.

पितृपंधरवडा लागला त्या दिवशी भेकरी साळूकडे आली होती. “आजी, त्याच्या डाव्या कानाला खाच होती,” ती म्हणाली. “जन्मल्या जन्मल्या करवंदीच्या जाळीत अडकून फाटला होता. तेवढी आठवणीनं काढा.”

“काढते की.”

“आणि मानेवर ठिपके होते. किती होते ते आत्ताआत्तापर्यंत नक्की माहीत होतं मला,” भेकरी म्हणाली आणि खाली बघत राहिली. “लवकर काढाल का?”

तर त्या सकाळी साळू रानोबाशी भांडत होती ते या पाडसावरून. आणि रंगात आलं होतं भांडण. काटे निम्मे उभे राहिले होते. तेवढ्यात मुंगूसराव आले.

मुंगूसराव हे जंगल कला व अध्यात्म मंडळाचे सचिव. हे मंडळ कुणी नेमलं असं विचारू नका. मंडळं नेमावी लागत नाहीत. दोन रिकामे प्राणी एका झाडाखाली बसले की होतात.

“आजी, या वर्षी अमावस्येला शेजारच्या जंगलातून पाहुणे येणार आहेत,” मुंगूसराव म्हणाले. “कलावंताची साधना कशी असते ते त्यांना बघायचंय. म्हणून आम्ही एक तक्ता केलाय. तुमची साधना काय लिहू?”

“भांडण.”

“ते बसत नाही हो. ध्यान, मौन, जप आणि उपवास. चारच रकाने आहेत.”

“मग उपवास लिही. भांडताना मी काही खात नाही.”

मुंगूसराव हसले नाहीत. सचिव हसत नाहीत.

“हे बघा, पाहुणे पहाटे इथं येणार. आणि तुम्ही देवाला म्हणणार, डोकं घेऊन बसलायस कशाला. आमच्या जंगलाबद्दल काय मत होईल?”

“त्यांच्या देवाला जाऊन म्हटलं तर त्यांनी बोलावं. हा आमचा आहे.”

“आजी, रागावू नका,” मुंगूसरावांनी आवाज खाली आणला. “चित्रं तुमची चांगलीच आहेत. पण जाणकार म्हणतात, रेघ थोडी थरथरते. शिकलेल्या हाताला एक शांती असते. ती तुमच्या हातात आली, तर कुठल्या कुठं जाल तुम्ही.”

पोरांनो, जी बाई स्वतःची स्वतः शिकते ना, तिला कुणाची भीती नसते. वाघाची नसते. देवाची नसते, ते तर तुम्ही बघितलंच. तिला फक्त एका शब्दाची भीती असते. “शिकलेल्या.” तो शब्द कुणी काढला की तिला वाटतं, मी घरी पाठ खाजवत बसले होते तेव्हा या लोकांना कुठं तरी, कुणी तरी, काही तरी सांगितलं असणार. आणि ते मला माहीत नाही.

साळूनं खाली पाणवठ्यावरच्या खडकाकडे बघितलं. गेल्या वर्षीच्या टिटवीच्या चोचीची एक रेघ अजून शिल्लक होती. ती तिला आजवर कधी थरथरती दिसली नव्हती. आता दिसली.

“कुठं मिळते ही शांती?” तिनं विचारलं.

शांती बांबूच्या बेटात मिळत होती. आठ दिवसांचं शिबिर होतं. चालवणारे होते खवले महाराज.

खवल्या मांजर हा तसा भित्रा प्राणी. पान पडलं तरी अंगाचं वेटोळं करून चेंडूसारखा गोळा होतो. बाकीचे भित्रे प्राणी पळून जातात, म्हणून त्यांना भित्रे म्हणतात. हा जागच्या जागी गोळा होतो, म्हणून याला महाराज म्हणतात. कुणी काही अवघड विचारलं की महाराज गोळा व्हायचे. मग शिष्य एकमेकांना खुणावायचे, की गेले, आत गेले. आतून काही आवाज आला तर तो उपदेश.

“माते, तुमच्या आत राग आहे,” महाराज पहिल्या दिवशी म्हणाले.

“आहेच. रोज बाहेर काढते.”

“तो बाहेर काढायचा नसतो. आत बघायचा असतो.”

“आत मला दिसत नाही. मान तेवढी वळत नाही.”

महाराज गोळा झाले. शेजारी बसलेला ससा साळूच्या कानाशी आला. “भाग्यवान आहात,” तो म्हणाला. “मागच्या शिबिरात आम्हाला चौथ्या दिवसापर्यंत गोळा झालेले दिसले नव्हते.”

शिबिरात पहाटे उठून श्वास मोजायचा. दुपारी मौन. तिसऱ्या प्रहरी पाच गोष्टींचे आभार मानायचे. कुणाला काही बोलायचं झालं तर आधी “मला असं जाणवतं” म्हणायचं. म्हणजे सशाच्या पायावर कुणी पाय दिला, तर त्यानं “आई गं” म्हणायचं नाही. “मला असं जाणवतं की माझ्या पायावर पाय आहे,” असं म्हणायचं. राग आला तर म्हणायचं, “मी रागाला पाहतो आहे.” आणि तो जाईपर्यंत पाहत राहायचं.

पहिल्या दिवशी साळूनं आभार मानले ते असे : “या शिबिराचे आभार, कारण ते आठच दिवसांचं आहे.”

पण चौथ्या दिवसापासून तिला जमायला लागलं. तुम्हाला वाटेल मी आता शिबिराला नावं ठेवणार. नाही ठेवत. खोटं कशाला बोलू? बरं वाटलं तिला. गुडघे कमी दुखायला लागले. दुपारी छान डोळा लागायचा. आपण होऊन शिकणाऱ्याचा एक दोष असा, की त्याला काहीही शिकवलं तरी तो ते हट्टानं पुरं शिकतो. आठव्या दिवशी साळू साऱ्या शिबिरात सगळ्यांत शांत होती. महाराजांपेक्षाही. कारण त्या दिवशी वानरानं वरून फळ टाकलं, तर महाराज गोळा झाले आणि साळू म्हणाली, “मला असं जाणवतं, की काही तरी पडलं.”

तिला पळसाच्या पानावर प्रमाणपत्र मिळालं. तिचे काटे तेल लावून विंचरल्यासारखे अंगाला चपटे बसले होते. सगळे म्हणाले, आजी, दहा वर्षांनी लहान दिसताय.

परत येताना वाटेत रानोबा लागला. साळूनं हात जोडले.

“तुझी इच्छा,” ती म्हणाली, आणि पुढे गेली.

रानोबानं काही उत्तर दिलं नाही. तसा तो कधीच देत नसे. पण आज उत्तर द्यावं असं कुणी काही विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साळू खडकापाशी आली. टिटवीची उरलेली रेघ पुसली, गेरू उगाळला, कोळसा कुटला, चुनखडी कालवली. मग अंग झाडलं.

काटा पडला नाही.

पुन्हा झाडलं. नाही पडला. ती करवंदीच्या जाळीतून दोनदा आरपार गेली. जाळीचेच काटे अंगात रुतले, हिचा एक पडला नाही. राग येत नाही तर काटा उभा राहत नाही. उभा राहत नाही तर सुटत नाही. हे इतकं सोपं होतं, की अकरा वर्षांत तिच्या कधी लक्षातही आलं नव्हतं. तुम्ही श्वास कसा घेता ते तुम्हाला माहीत आहे का? तसंच.

मग तिनं दातांनी एक काटा ओढून काढला. रक्त आलं. काटा बुडाशी मऊ होता. पहिल्याच रेघेला वाकला.

असे तीन दिवस गेले. साळू महाराजांकडे गेली. “महाराज, मला असं जाणवतं, की काटा पडत नाही.”

“पडावा असं का वाटतं?” महाराज म्हणाले.

“चित्रं काढायचीत. नऊ जण आहेत.”

“काढायचं असं काही नसतं, माते. जे आहे ते आहेच.”

“पण जे नाहीत त्यांची काढायचीत.”

हे अवघड होतं. महाराज गोळा झाले.

मुंगूसराव मात्र धावत आले. त्यांना सगळं समजलं होतं आणि ते खूश होते.

“आजी, हे फारच वरचं झालं,” ते म्हणाले. “खडक कोराच राहू द्या. आम्ही वर पाटी लावतो. मौनचित्र. पाहुणे काय समजायचं ते समजतील. काही काढायचंच नाही, इतकी साधना आजवर कुणी केलेली नाही.”

साळूनं कोऱ्या खडकाकडे बघितलं. “हो का,” ती म्हणाली. “छान.”

अमावस्येच्या आदल्या दिवशी सकाळी भेकरी आली. तिला धीर धरवला नव्हता. खडकापाशी मुंगूसराव पाटी लावत होते, आणि साळू बाजूला डोळे मिटून बसली होती.

भेकरीनं खडकाकडे बघितलं. मग वरच्या बाजूला बघितलं. मग मागं जाऊन बघून आली.

“माझं पाडस कुठंय?” तिनं विचारलं.

“यातच आहे,” मुंगूसराव म्हणाले. “यात सगळेच आहेत. नीट बघा.”

भेकरी गरीब होती, आणि गरीब प्राणी सांगितलं तसं करतात. तिनं खूप वेळ नीट बघितलं.

“डाव्या कानाची खाच दिसत नाहीये,” ती म्हणाली.

“ती मनात बघायची.”

“मनातली पुसायला लागलीये हो. म्हणून तर आले.”

मुंगूसराव पाटी सरळ झाली का ते बघत राहिले. भेकरी साळूकडे वळली.

“आजी?”

साळूनं डोळे उघडले. आणि पोरांनो, आठ दिवस घोकलेलं तोंडावर आलेलंच असतं. ती म्हणाली, “जे होतं ते त्याच्या इच्छेनं होतं, बाई.”

भेकरीनं मान हलवली. ती रडली नाही, भांडली नाही. तिनं दुखावल्यासारखंही केलं नाही. “बरं, आजी,” ती म्हणाली, आणि आल्या वाटेनं परत निघाली.

ती वळली तेव्हा साळूला तिची मान दिसली. मोठ्या भेकरीच्या मानेवर ठिपके नसतात. ते फक्त पाडसांना असतात.

साळू उठली. मुंगूसरावांनी विचारलं, “कुठं निघालात? ध्यानाला?” ती बेहड्याखाली जाऊन रानोबासमोर उभी राहिली.

“रानोबा,” ती म्हणाली, “मी रागाला पाहते आहे.”

रानोबा गप्प.

“आणि राग मला विचारतोय, कुठं होतीस इतके दिवस.”

रानोबा गप्प.

“तोंड शिवून बसला आहेस, तसाच बस. मी काय विचारते ते ऐक. बिबट्याला पोट दिलंस. ठीक आहे. त्याला मी बोलत नाही, त्यालाही पिल्लं आहेत. पण भेकरीच्या पाडसाला ठिपके दिलेस ते कशाला? लपायला ना? उन्हाच्या कवडशात बसलं की दिसू नये म्हणून. मीही रंगवते. मला कळतं, किती बारीक काम आहे ते. एकेक ठिपका वेगळा. मग एवढं बारीक काम करायचं आणि ते ऐन वेळी चालायचं नाही? मला काय सांगतात, तुझी रेघ थरथरते. तुझं काम तर दीड महिन्यापलीकडे टिकलं नाही. तुला कुणी विचारलं का, शिकलायस कुठं म्हणून?”

खसकन आवाज आला. मागोमाग आलेले मुंगूसराव चार पावलं मागं सरले.

“आणि चुकलं तर चुकलं म्हणावं. माझं चित्र फसलं तर मी पुसते आणि पुन्हा काढते. तू नुसताच पुसतोस. पुन्हा कोण काढणार? मी? माझे गुडघे बघितलेस का? तुझं निस्तरायला अकरा वर्षं मी पहाटे उठते. आणि आठ दिवस त्या गोळ्यासमोर बसून तुझे आभार मानत होते. पाच-पाच गोष्टींचे. परत कर ते आभार. चाळीस होतात.”

एवढं बोलून तिनं अंग झाडलं. सडा पडावा तसे काटे पडले. मुंगूसरावांनी एका बाजूला होऊन मोजले. सवयच ती. एकवीस होते.

साळूनं सगळे गोळा केले. “उद्या बघते तुझ्याकडे,” ती म्हणाली आणि खडकाकडे गेली.

पाटी तिनं पुढच्या पायानं खाली पाडली. ती मुद्दाम पाडली की चुकून, ते तिला कुणी विचारलं नाही.

अमावस्येची सकाळ झाली. सगळे आले. खडकावर नऊ जण होते. म्हातारा सांबर, दोन घोरपडी, वानरांची आजी, सगळे. वानरं आजीला बघून थोडी हसलीही, कारण साळूनं तिला फांदीवर बसून दुसऱ्याच्या उवा खाताना काढलं होतं. आणि ती तशीच होती. वाघ मागं उभा राहिला. बिबट्या आणखी मागं उभा राहिला.

भेकरी सगळ्यांत शेवटी आली. खाली उजव्या कोपऱ्यात पाडस होतं. ते सरळ उभं नव्हतं. नुकतंच जागं झालेलं, मागचे पाय अजून पसरलेले, आणि डाव्या कानाला खाच.

भेकरीनं बघितलं. पुन्हा बघितलं.

“मानेवर दहा काढलेत,” ती म्हणाली. “अकरा होते.”

“दहाच होते.”

“अकरा होते, आजी. एक कानाखाली होता. पान पडल्यासारखा. मला आत्ता आठवलं.”

“मग आधी सांगायचं नाही?”

“आधी आठवतच नव्हतं.”

साळू बडबडत उठली, चुनखडीत काटा बुडवला आणि कानाखाली एक ठिपका काढला. भेकरी त्या ठिपक्याला नाक लावून उभी राहिली. पाणी प्यायला गेली तेव्हा तिच्या नाकावर चुना होता. ते कुणी तिला सांगितलं नाही.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण मंडळ होतं ना.

शेजारच्या जंगलातल्या पाहुण्यांना चित्रं फार आवडली. मुंगूसरावांनी त्यांना काटे कसे पडले तेही सांगितलं. पाहुणे म्हणाले, हे तर आम्ही कुठंच बघितलं नाही. झालं. आठ दिवसांत तक्त्यात पाचवा रकाना आला. भांडण. बेहड्याखाली शिबिर सुरू झालं. एका वेळी सात प्राणी, रांगेत. खवले महाराज पुढं बसून मार्गदर्शन करायचे. कुणी आवाज चढवला की ते गोळा व्हायचे, त्यामुळे आवाज चढवायचा नाही असा नियम झाला.

ससा पहिला उभा राहिला. त्याच्या हातात पान होतं. त्यावर साळूची वाक्यं उतरवून दिली होती.

“हे रानोबा,” ससा वाचू लागला, “मला असं जाणवतं, की आपण एवढं मोठं डोकं घेऊन बसला आहात. तसंच माझ्या बिळात थोडी ओल आहे. सवडीनं बघावं.”

“उत्तम,” मुंगूसराव म्हणाले. “थोडा आणखी दुखावलेला चेहरा करा.”

साळू नेहमीसारखी आपल्या वेळेला आली होती. तिला दगडापर्यंत जायला जागाच मिळेना.

“बाजूला व्हा,” ती म्हणाली. “माझी वेळ आहे.”

“आजी, बरं झालं आलात,” मुंगूसराव म्हणाले. “तुमच्याच नावानं शिबिर आहे. उद्घाटनाचे चार शब्द बोला. आणि एक शंका होती. आमच्यात कुणाचाही केस झडला नाही. मोराचंसुद्धा पीस पडलं नाही.”

“हे काय चालवलंय तुम्ही?”

“भांडण-साधना. तुम्हीच म्हणाला होतात, तुमची साधना भांडण.”

“त्याच्याशी भांडायचं म्हणजे काय, गंमत आहे का?”

“पण आजी, तुम्ही भांडलात तर चालतं आणि आम्ही भांडलो तर नाही? हा कुठला न्याय? देव सगळ्यांचा आहे.” मुंगूसराव पुढं आले. सशाच्या हातातलं पान त्यांनी साळूसमोर धरलं. “बघा. एक शब्द बदललेला नाही. वेळ तीच, जागा तीच, दगड तोच. उलट आम्ही रीतसर करतोय. तुम्ही शिकला नाहीत म्हणून तुम्हाला सांगता येत नाही, एवढंच. नाही तर सांगा ना, आमच्या भांडणात काय कमी आहे?”

मोर, ससा, वानर, सगळे साळूकडे बघत राहिले. मघाशी “शिकला नाहीत” म्हटलं तेव्हा साळूचे काटे जरासे हलले होते. पण ते उभे राहिले नाहीत. तिनं पान हातात घेतलं, वाचलं, आणि घडी घालून मुंगूसरावांना परत दिलं. मग ती बोलली.

“शब्द माझेच आहेत रे मुंगशा, पण पाडस त्या भेकरीचं गेलं होतं, तुझं कोण गेलंय ते आधी सांग, मग मी तुझ्या शेजारी उभी राहून त्याच्याशी भांडते.”

तात्पर्य : देवाशी नेहमी गोड बोलावं. त्यानं गुडघे कमी दुखतात, दुपारी झोप चांगली लागते, कांती तुकतुकीत राहते, आणि कुणाच्याही पाडसाच्या मानेवर किती ठिपके होते ते लक्षात ठेवायची जबाबदारी आपल्यावर येत नाही.